बेगम लातूरला आली, दादा

दादा,

आधी तुला पाहिजे ती बातमी देते. बेगम जिवंत आहे. मी कशी आहे, घरी सगळे कसे आहेत, हे तू नेहमी तिचं सगळं सांगून झाल्यावर विचारायचास. आधी पाल, मग सख्खी बहीण, ह्या क्रमाचा मला राग यायचा आणि अजूनही आहे. माणूस गेला की त्याच्यावरचा रागही जातो, असं लोक म्हणतात. माझा काही गेलेला नाही.

तुझ्याबद्दल कोण काय बोललं ते लिहीत नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे चांगलंच बोलतात. तुझ्या वीज खात्यातले साहेब म्हणाले, तू फार शांत स्वभावाचा होतास. तेव्हा वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सतरंजीकडे. तुझं शिक्षण, तुझ्या बदल्या, तू बसवलेली रोहित्रं, सगळं निघालं. बेगमचं नाव कुणी काढलं नाही. काढलं ते नंतर, आणि वेगळ्याच कारणासाठी.

तू तिला आणलंस त्या उन्हाळ्यात मी नांदेडला आले होते. दुपारची वेळ. तू आणि वहिनी पुढच्या खोलीत पंख्याखाली घामानं निथळत बसलेले, आणि मागच्या खोलीतून कूलरचा आवाज येत होता. मी विचारलं, आत कोण पाहुणा आहे? वहिनी म्हणाल्या, "हाय एक. जाऊन बघा की तुमच्या भावाची बेगम." तिचं नाव वहिनींनी असं टोमण्यातच ठेवलं, आणि तू ते लगेच उचललंस. निर्लज्ज होतास तू.

आत काचेची पेटी. पेटीत ओली वाळू, शेवाळ, आणि फुटक्या माठाचं एक मोठं खापर पालथं घातलेलं. त्या खापराखालून एक तोंड बाहेर आलं. लालभडक डोळे, जांभळट काळं अंग, त्यावर पिवळे पट्टे. मी ओरडले, "पाल!"

"पाल न्हाई ती. गुहेतला गेको हाय."

"गेको म्हणजे?"

"म्हणजे पालच," तू म्हणालास.

मग तू तासभर मला शिकवलंस. मी विचारलं नव्हतं. ही चीनकडच्या डोंगरांतली जात, पण ही स्वतः हैदराबादच्या एका माणसाकडे पेटीतच जन्मलेली. सरकारदरबारी रीतसर नोंद केलेली. आपल्या घरच्या पालीला पापणी नसते, हिला असते. ही झोपताना डोळे मिटते. ही भिंतीवर चढत नाही, तिच्या पायांना ते चिकटणं जमत नाही. हिला ऊन नको, उजेड नको. थंड पाहिजे आणि ओल पाहिजे.

मी म्हटलं, "थंड आणि ओल, मग नांदेडला कशाला आणलीस? तिच्यासाठी महाबळेश्वरला बदली मागायची."

"माठातलं पाणी नांदेडलाबी थंडच राहतंय की," तू म्हणालास.

ते मात्र तुझं खरं होतं. आई माठाखाली ओली वाळू घालायची, अंगाभोवती ओलं पोतं गुंडाळायची आणि जाता-येता त्यावर तांब्या ओतायची. तू पेटीला तेच केलंस. बाहेरून ओलं पोतं, खाली वाळूचा ट्रे, वर कूलर. आणि लाइट गेली की आधी पोत्यावर पाणी टाकायचास, मग खात्यातला फोन उचलायचास. लोक तुझ्या नावानं खडे फोडत असायचे आणि साहेब मागच्या खोलीत पालीला फवारा मारत उभे.

तुझ्याकडे भोकर तालुका होता तेव्हा मी एकदा विचारलं होतं, की ही तुला काय देते? कुत्रं शेपूट हलवतं, मांजर मांडीवर येतं. ही दिवसभर खापराखाली पडून असते, संध्याकाळी बाहेर येते, तुझ्याकडे बघतसुद्धा नाही. तू खापरावर फवारा मारत राहिलास. मला वाटलं चिडलास. मग म्हणालास, "सकाळपासून फोन वाजून राहिला माझा. साहेब लाइट कधी येणार, साहेब लाइट कधी येणार. सगळ्या भोकर तालुक्यात लाइट न मागणारी ही एकटीच हाय."

मी हसले. तू नाही हसलास. ते मला तेव्हा नीट कळलं नाही, एवढंच सांगते. त्याहून जास्त त्यावर बोलायचं नाही.

आता आपल्या वादाकडे येते, कारण तो अर्धवट राहिलाय.

तुला रोज संध्याकाळी मी फोन करायची आणि नेमका तोच तुझा बेगमला खायला घालायचा वेळ असायचा. फोनमधून ते रातकिडे ऐकू यायचे. अंड्यांचे ट्रे घातलेल्या डब्यात तू पाळलेले, गाजर खाऊन माजलेले. तू मला ऐकवायचास, आता किडा कॅल्शियमच्या पावडरीत घोळवतोय, आता चिमट्यात धरला, आता सोडला. जसा काही सामना चालू आहे. आणि मी म्हणायची, दादा, तू रविवारी विहारात उभा राहून पंचशील घेतोस. पहिलंच शील, पाणातिपाता वेरमणी, जीव घेणार नाही. आणि सोमवारी जिवंत किडा चिमट्यात धरून मरणाच्या तोंडात देतोस. मग कशाला म्हणतोस ते?

"मग काय तिला वरण-भात घालू?"

"तू तिला पाळलीसच कशाला?"

"तू मटण खातीस ते चालतं का?"

"मी मारत नाही."

"हाव, बरोबर हाय. मारतो खाटीक. तू नुस्त्या कुकरच्या शिट्ट्या मोजतीस."

ह्यावर मला उत्तर सुचलेलं नाही. आजही नाही. पण उत्तर सुचलं नाही म्हणजे तुझं खरं ठरलं असं होत नाही. मी त्या शिट्ट्या मोजताना कुठलं शील तोंडानं म्हणत नसते, हे तुला मी नंतर ऐकवलं होतं. तू म्हणालास, नेटवर्क जाऊन राहिलं, आणि फोन कट केलास. नेटवर्क छान होतं.

दुसरा वाद सोडून देण्याचा. मी म्हणायची, पेटीतलं जिणं हे काय जिणं, सोड तिला. तू म्हणायचास, कुठं सोडू? मी म्हणायची, आपल्याकडे काय डोंगर-कपारी नाहीत? तू चिडायचास तो इथे. बाकी सगळ्या गोष्टींवर मस्करी करायचास, पण सोड म्हटलं की तुझा आवाज चढायचा. साहेबांना सांगायला पाहिजे होतं, शांत स्वभाव कधी कधी चढायचा म्हणून.

तू गेलास त्या दिवशी मी लातूरहून पोचेपर्यंत घर भरलं होतं. पुढच्या खोलीत तू, पांढऱ्या चादरीवर. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आणि आलेल्या लोकांना गरम होऊ नये म्हणून कुणीतरी शहाण्यानं मागच्या खोलीतला कूलर उचलून पुढे आणून लावला होता. तुझ्या पायाशी. मी हातपाय धुवायला मागे गेले तर मागची खोली नुसती भट्टी. पोतं वाळून कडक झालेलं. खापराखाली बेगम होती, पोट जमिनीला टेकवून, तोंड थोडं उघडं ठेवून.

मी पोत्यावर बादली ओतली. फवारा मारला. खिडकीला ओला टॉवेल लावला. पुढे तुझ्यासाठी रडणं चालू होतं आणि मी मागे हे करत होते. का केलं, ह्याचं कारण माझ्याकडे नाही. वाद वेगळा आणि उकाडा वेगळा, एवढंच मनात आलं. कूलर मात्र पुढेच राहिला. तुझ्या पायाशी लावलेला कूलर उचला, पालीला पाहिजे, असं म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

मधल्या दिवसांत शेजारच्या एक बाई भेटायला आल्या. चहा घेतला आणि म्हणाल्या, "पाल नुस्ती अंगावर पडली तर माणूस डोक्यावरून अंघोळ करतंय. हेनी तर घरात पाळली." वहिनी दिवसभर एक शब्द बोलत नव्हत्या. पण तेव्हा मान वर करून म्हणाल्या, "बाई, ते अटॅकनं गेले. पालीनं न्हाई." आणि परत मान खाली. दादा, तुझ्या बेगमला त्या कधी प्रेमानं हात लावतील असं नाही, पण तुझ्या माघारी तिच्यावरचा आळ त्यांनी घरात टिकू दिला नाही.

आणि मग पुण्यानुमोदन. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणं झाली. घरचे लोक उरले, आणि बौद्धाचार्य सुपारी कातरत बसले होते. तेव्हा चुलत्याचा मिलिंद उभा राहिला. त्यानं दिवसभर धावपळ केली होती, मंडप, पाणी, खुर्च्या, सगळं त्यानंच बघितलं, त्यामुळे त्याचं कुणी ऐकणार नाही असं नव्हतं. तो म्हणाला, "दादाच्या नावानं एक जीव मोकळा करू. ह्याच्यावानी पुण्य न्हाई. ती पाल इस्लापूरला नेऊ, सहस्रकुंड धबधब्याच्या कपारीत सोडू. पाणी हाय, खडक हाय, अंधार हाय. जीप माझी."

सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मिलिंद माझ्याकडे वळून म्हणाला, "शालूताई तर कवापासून म्हणून राहिली, सोड म्हणून. दादानं ऐकलं न्हाई. आता आपण ऐकू."

माझंच म्हणणं, माझ्याच नावानं, सगळ्यांना मान्य. इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं एवढे लोक कधी नव्हते.

मी म्हटलं, "सहस्रकुंडाला ह्या दिवसांत पाणी कुठंय? खडक तव्यासारखा तापलेला असतोय."

"मग पावसाळ्यात सोडू."

"ती इकडची न्हाई रे. तिला इकडचा साप म्हाईत न्हाई, इकडची मुंगी म्हाईत न्हाई. भिंतीवर चढून जीव वाचवायचं तिला जमत न्हाई. पेटीत जन्मली ती. तिच्या मायनंबी गुहा बघितली न्हाई. दादाच्या नावानं पुण्य करायचं तर करा, पण ते सोडणं न्हाई, ते मारणं हाय."

  हे सगळं तुझं होतं, शब्दन् शब्द तुझा. त्या चढलेल्या आवाजासकट. मी ते फोनवर ऐकताना कधी मान डोलावली नव्हती, आणि आता घरभर लोकांसमोर ओरडून सांगत होते.

मिलिंदला राग आला. येणारच. "मग इतके दिवस दादासंगं खामखा भांडून राहिली होती का?"

"ते आमचं होतं," मी म्हटलं.

बौद्धाचार्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "बरं ताई, मग तिला ठेवणार कोण?" सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी स्वतःच्या बांगड्यांकडे बघत होत्या. त्यांना नाही म्हणायचं होतं आणि तुझ्यामुळे म्हणता येत नव्हतं, ते मला दिसलं. मी म्हटलं, "मी ठेवते." वहिनी माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "शालूताई, ती खाती काय ते ठाव हाय न्हवं?"

ठाऊक होतं. तोच तर सगळा प्रश्न होता. ती जगली तर माझ्या हातानं जिवंत किडे खाऊन जगणार. माझं शील राहिलं तर ती मरणार. मधली वाट तू शोधली नव्हतीस, मलाही सापडणार नव्हती. तरी मी ठेवते म्हणाले. विचार करून म्हणाले असं नाही. तोंडातून गेलं.

तिला न्यायचं कसं, हा पुढचा प्रश्न. काचेची पेटी आणि रातकिड्यांचा डबा मिलिंद मागाहून जीपमधून आणून देणार होता. तोंड फुगलेलं होतं, पण आणतो म्हणाला. बेगमला मात्र त्या तापलेल्या जीपमध्ये द्यायला माझं मन धजेना. प्लॅस्टिकच्या डब्यात ती शिजली असती. मग मी तुझंच केलं. वहिनींकडनं एक लहान मडकं घेतलं, बादलीत बुडवून मुरवलं, आत ओलं शेवाळ घातलं. आणि बेगमला पहिल्यांदा हातात घेतलं.

शेपटीला धरायचं नाही, शेपटी तुटते, हे तू शंभरदा सांगितलं होतंस. मी ओंजळ केली आणि तिला खालून उचललं. मला वाटलं होतं गिळगिळीत लागेल. तसं काही नव्हतं. गार होती, मऊ होती. तिचा जीव माझ्या बोटांवर टकटक करत होता. मी तिला मडक्यात ठेवलं आणि तोंडाला बांधायला कापड शोधलं, तर घरात हाताशी कार्यक्रमाचं उरलेलं पांढरं कापडच होतं. तेच ओलं करून बांधलं.

सकाळची लातूर गाडी धरली. अंगावर पांढरी साडी, मांडीवर पांढऱ्या कापडानं तोंड बांधलेलं मडकं. माझ्या डोक्यात ऊन, पाणी आणि बेगम सोडून काही नव्हतं. त्यामुळे कंडक्टर माझ्याकडे का बघतोय ते आधी समजलंच नाही. त्यानं मडक्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि पुढच्या सीटवरच्या पोराला म्हणाला, "ऊठ रे, ताईला बसू दे तिथं. सावलीच्या अंगानं." पोरगं मुकाट्यानं उठलं. मी बसले. बरंच झालं म्हटलं, सावली पाहिजेच होती.

शेजारी अहमदपूरला उतरणारे एक म्हातारे आणि त्यांची बायको होती. मी मडक्यावर बाटलीतलं पाणी शिंपडत होते. म्हातारे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "कोण होतं, बाई?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दादा, सगळ्या गाडीला वाटत होतं मी तुझ्या अस्थी घेऊन चालले आहे.

मी तोंड उघडलं होतं, खरं सांगायलाच. पण काय सांगू? की आजोबा, ह्यात पाल आहे? मी म्हटलं, "मोठा भाऊ."

त्यांनी मडक्याला हात जोडले. आजीबाईंनी डोक्यातल्या गजऱ्याची चार फुलं तोडून कापडावर ठेवली. पुढच्या सीटवरच्या एकानं मागे वळून हात जोडले. नेमकी तेव्हाच आत बेगम हलली, कापड जरासं उचललं गेलं आणि फुलं सरकली. आजीबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पदर सावरला आणि मान खाली घातली. मी ओठ दाताखाली धरला. हे तुला सांगायला मिळालं असतं तर तू फोनवर हसून हसून बेजार झाला असतास, आणि दर आठवड्याला परत सांगायला लावलं असतंस. आजीबाईंच्या त्या मान खाली घालण्यासकट.

माझी बाटली संपली. आजीबाईंनी काही न विचारता त्यांची बाटली पुढे केली. म्हणाल्या, "शिंपडा, बाई. उन्हाळ्यात गेलेलं माणूस लई तहानलेलं असतंय."

त्यावर मला रडू आलं. तुला नेलं तेव्हा नाही, भाषणांच्या वेळी नाही, लोहा गाव मागे पडल्यावर चालत्या गाडीत. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. म्हातारे माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले, त्यांचे उपकार. दादा, तू तहानलेला गेलास का? शेवटी पाणी मागितलंस का? हे मला वहिनींना विचारायचं होतं. मी तिथे होते तेवढ्या दिवसांत विचारू शकले नाही. तुझी मला फार आठवण येते. हे लिहायला सोपं आहे, फोनवर तुला कधी म्हटलं नसतं.

चाकूर येईपर्यंत आसपासच्या प्रवाशांनी पाणी पुरवलं. बेगम त्या लोकांच्या पाण्यावर लातूरला जिवंत पोचली.

आमच्या लातूरचं तुला माहीत आहे. नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही, घरोघरी टाक्या नि पिंपं. ह्यांनी पेटी पाहिली, पोतं पाहिलं, फवारा पाहिला आणि म्हणाले, "इथं माणसाला पाणी न्हाई." मी म्हटलं, माझ्या वाट्याचं आहे.  आता हे कामावरून आले की आधी पोतं ओलं आहे का ते हात लावून बघतात आणि मला कळलं नाही असं समजतात.

पण बेगम खाईना.

पहिले काही दिवस मी स्वतःची समजूत घातली की जागा बदलली आहे, खाईल. खरं म्हणजे मी जिवंत किडा टाकलाच नव्हता. डब्यात एक रातकिडा आपोआप मेला होता, तो मी चिमट्यानं धरून तिच्यासमोर हलवला. पापही नाही आणि पोटही भरेल, असा माझा हिशेब. तिनं तोंड फिरवलं. मग मी उकडलेल्या अंड्याचा बलक ठेवला. तुझ्या वरण-भाताइतकाच शहाणपणा. सकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या. आणि तिची शेपटी बारीक होत चालली होती. तू सांगितलं होतंस, ती चरबी शेपटीत साठवते, शेपटी बघायची, मग कळतं. मी रोज शेपटी बघत होते आणि रोज कळत होतं.

मग एका संध्याकाळी दिवेलागणीला मी बसले. रातकिड्यांच्या डब्याचं झाकण काढलं. आतले किडे ओरडत होते, झाकण उघडल्यावर गप्प झाले. मी एक धरला. त्याला पावडरीत घोळवला, भज्याला पीठ लावावं तसा. तो पाय झाडत होता. एवढ्याशा पायांना किती जोर असतो, ते तू कधी सांगितलं नाहीस. मला वाटलं होतं, आपलं म्हणणं कुणीच ऐकत नाही; पण त्या किड्याचं म्हणणं मीसुद्धा फक्त फोनवरच ऐकलं होतं. मी चिमटा आत नेला आणि सोडला.

बेगम खापराखालून निघाली. सावकाश, एकेक पाय उचलत, मांजरीसारखी. शेपटीचं टोक हललं. आणि झालं. तिनं दोनदा चावलं, गिळलं आणि डोळे मिटले. पापण्या मिटल्या तिच्या, दादा, अगदी माणसासारख्या.

मला वाईट वाटलं का? वाटलं. कुणीतरी आपल्या भरवशावर होतं, ते आपण संपवलं. आनंद झाला का? तोही झाला, इतका की मी ह्यांना हाक मारली, "खाल्लं हो, खाल्लं तिनं!" दोन्ही एकाच वेळी. मग न्हाणीत जाऊन साबणानं हात धुतले आणि परत धुतले, पाण्याची चैन नसताना.

त्यानंतर ती नियमित खाते. शेपटी भरली आहे. परवा तिनं कात टाकली आणि स्वतःच खाऊन टाकली. पायाच्या बोटांना जरासुद्धा चिकटून राहिली नाही, म्हणजे ओल पुरेशी आहे. तुला हे ऐकून बरं वाटेल. तुला काही ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. आपण ते तसलं मानत नाही. तरी लिहिते.

गेल्या रविवारी विहारात गेले. सगळे उभे राहिले. हात जोडले. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिली ओळ आली आणि माझं तोंड उघडलं नाही. लहानपणापासून म्हणत आले, झोपेत म्हणेन. पण त्या हातानं संध्याकाळी किडा धरायचा आहे हे ठाऊक असताना जीव घेणार नाही असं कसं म्हणू? सगळ्यांची ती ओळ संपेपर्यंत मी गप्प राहिले आणि बाकीची चार शीलं म्हटली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र भर सभेत उघडी पडल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी वहिनींना फोन केला. आता त्यांना करते. इकडचं तिकडचं झालं आणि मी हे सांगून टाकलं, की आज पहिलं शील मला म्हणता आलं नाही.  मला वाटलं त्यांना आवडणार नाही. वहिनी म्हणाल्या, "तुमचे दादाबी त्या ओळीला गप्पच राहायचे, ताई."

"कधीपासून?"

"लई दिस झाले. तुम्ही ते बोलला न्हवं का, कशाला म्हणतोस म्हणून, तवापासून. मी इचारलं त्यांना. तर म्हणले, शालूचं बरोबर हाय. पण तिला सांगू नको."

मी विचारलं, का नाही सांगायचं?

"म्हणले, तिला कळलं तर वाद मिटंल. मग ती कशाला रोज फोन करंल?"

दादा, मी केला असता. वाद मिटला असता तरी रोज केला असता. मला भांडायला तुझ्याशिवाय होतंच कोण?